गुण्या संघटनेची सर्वसाधारण सभा

नायदेन स्तोयचेव्ह कांबुरोव्ह. लिंग पुरुष, वय सदुसष्ट, उंची मध्यम, डोळे तपकिरी. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्याला नख नाही. 'गुण्या' या सार्वजनिक हितार्थ नोंदणीकृत संघटनेचे संस्थापक, अध्यक्ष, प्रशिक्षक व साहित्यपाल. संघटनेचा उद्देश : सामाजिकदृष्ट्या असुरक्षित परिस्थितीतील सोळा ते पंचवीस वयोगटातील युवकांस टाइल्स व फरशीकामाचे व्यावहारिक शिक्षण देऊन श्रमबाजारात त्यांचे समावेशन घडवून आणणे. कार्यक्षेत्र : गोर्नी ब्रेस्त शहर व परिसर. वैवाहिक स्थिती : विवाहित, पत्नी इटलीत.

नगरपालिकेच्या दप्तरात एवढं आहे आणि त्यातलं काहीही खोटं नाही. चाळीस वर्षं लोकांच्या बाथरूममध्ये एकट्यानं काढल्यावर नायदेनला दोरीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं, हे लिहायला मात्र उद्देशाच्या रकान्यात जागा नव्हती.

टाइल्सचं काम हे एकट्याचं काम. घरमालक बाथरूम दाखवतो, धूळ बाहेर येऊ नये म्हणून दार लावून घेतो आणि संध्याकाळी दार उघडून 'वा' म्हणतो. मधल्या वेळात नायदेन टाइल्सशी बोलायचा. "तू जरा वर ये. तू सरक. तुला काय झालंय आज?" यात वेडेपणा काही नाही, सगळेच मिस्त्री बोलतात. पण बायको, वासिल्का, बेर्गामोला कुणा म्हाताऱ्या सिन्योराची देखभाल करायला गेली आणि तो घरी किटलीशीही बोलायला लागला, तेव्हा हे वाढतंय असं त्याच्या लक्षात आलं.

शिवण कारखाना बंद पडल्यापासून त्याच्या कुंपणाच्या भिंतीवर खालच्या वस्तीतली आणि सरकारी बालगृहातून वय झालं म्हणून बाहेर काढलेली पोरं सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेली असायची. नायदेननं एक दिवस त्यांना विचारलं, "काम शिकता का?"

"पगार किती?"

"पगार नाही. शिकवणार आहे."

"मग तुम्हीच बसा की इथे आमच्याबरोबर. बिया देतो."

तो खरंच बसला. तासाभरानं त्यातली दोघं त्याच्याबरोबर एका बाथरूममध्ये आली, आणि घरमालकानं ती दोघं खालच्या वस्तीतली आहेत हे पाहून तिघांनाही बाहेर काढलं. म्हणून जागा हवी झाली. जागेसाठी नगरपालिका, आणि नगरपालिकेसाठी संघटना. तिला नाव दिलं गुण्या, कोपरा काटकोनात आहे का ते बघायचं मिस्त्रीचं हत्यार. संघटनेला कायद्यानं सात माणसं लागत होती. सात माणसं नायदेनच्या ओळखीची नव्हती. पण त्याच्या हातात तेव्हा सहा बाथरूमं अर्धवट होती, आणि ज्याचा संडास उखडून ठेवलाय तो माणूस कशावरही सही करतो.

नगरपालिकेनं बंद झालेल्या बालवाडीची धुलाईखोली दिली. तिथे नायदेननं जिप्सम बोर्डाची छोटी-छोटी बाथरूमं उभी केली. पद्धत अशी : भिंत करायची, नायदेन ती बोटाच्या पेरानं वाजवून बघणार, पोकळ वाजली तर उखडायची, भरीव वाजली तरी उखडायची, कारण पुढच्याला शिकायला भिंत लागते. टाइल्स लोकांच्या घरून उरलेल्या, त्यामुळे एकाच भिंतीवर निळी लाट, तपकिरी संगमरवर आणि एखादी द्राक्षांचा घोस असलेली स्वयंपाकघराची टाइल. दाराशी बालवाडीच्या खुंट्या होत्या, ढोपराएवढ्या उंचीवर, प्रत्येकीवर चित्र. आलेलं पोर आधी आपलं चित्र निवडायचं. मिशा असलेल्या बाप्यांनी मश्रूमसाठी भांडणं केलेली आहेत.

सहा वर्षांत पोरं शिकली. बर्लिनला, व्हिएन्नाला, कुठल्या कुठल्या गावांना गेली. तिथे टाइल्स लावणाऱ्याला दिवसाचे जितके मिळतात तितके गोर्नी ब्रेस्तमध्ये डॉक्टरलाही मिळत नाहीत. संघटनेचं यश मोजणं सोपं होतं, खुंट्या मोकळ्या होत गेल्या. त्या सात सभासदांतलेही तिघं लेकरांकडे स्पेनला गेले आणि तिघं टेकडीवर, जिथून कुणी फोन करत नाही.

शेवटी उरली सेवदा. वय एकोणीस, खालच्या वस्तीतली, जीभ तिखट, हात शांत. नायदेननं तिला सभासदही करून घेतलं. ईस्टरपासून ती एकच बाथरूम पुन्हा पुन्हा करत होती, कारण नायदेनला दर वेळी खालच्या कोपऱ्यातली टाइल पोकळ वाजायची. "ही बघ. हवा राहिलीय." ती बघायची, छिन्नी घ्यायची, आणि आणखी तीन आठवडे सकाळी नऊ वाजता दार वाजायचं.

सप्टेंबरात नगरपालिकेतल्या बाई म्हणाल्या, "मिस्त्री, खोलीचा करार महिनाअखेर संपतोय. कार्यकारी मंडळात कायद्यानं तीन माणसं लागतात. तुमच्या मंडळात सध्या कोण आहे?"

"मी."

"बाकीचे दोघं?"

"वारले."

"मग सभा घ्या, मंडळ निवडा. नाहीतर खोली द्यावी लागेल, टायरवाला मागे लागलाय." मग बाई थोड्या विरघळल्या. "घाबरू नका, कायदा सोपा आहे. सूचना लावायची. वेळेवर पुरेसे सभासद आले नाहीत तर एक तास थांबायचं. तासानंतर जितके असतील तितक्यांत सभा कायदेशीर."

"एकच असला तर?"

बाईंनी विचार केला. "सभा होईल. पण मंडळाला तीन लागतात हो."

सूचना छापायला नायदेन ग्रोझ्दान्काकडे गेला. दवाखान्यासमोर तिचं झेरॉक्सचं दुकान. शहरात छापून भिंतीवर लागतं ते एकच, श्रद्धांजलीचा कागद : वर फोटो, खाली नाव, कुणी गेलं, कुणाला जाऊन चाळीस दिवस झाले, सहा महिने, वर्ष, वीस वर्षं. पावाच्या दुकानाच्या दारावर, बसथांब्यावर, लिंडनच्या बुंध्यांवर एकावर एक. ग्रोझ्दान्का दिवसभर तेच छापते.

"फोटो आण," ती म्हणाली.

"सभेची सूचना आहे. फोटो कशाला?"

"फोटो नसला तर कोण वाचतं? पाण्याचं बिल समजून पुढे जातात."

"माझा फोटो नाही."

"आहे माझ्याकडे. तुझ्या सासूच्या वेळी तू लग्नातला दिला होतास ना? त्यातून सासू कापून घेतली मी. उरलेल्यात तू आहेस." तिनं तो पडद्यावर आणला. "बघ, केस किती होते! कोणाला वाटेल तरी, हा तू म्हणून!"

"ही चौकट काळी का आहे?"

"साच्यातच आहे ती. काढली की सगळं सरकतं."

हे कारण नायदेनला पटलं. सगळं सरकू नये यासाठीच त्याचा जन्म गेला होता. खाली बारीक अक्षरात सभा, विषय, शनिवार सकाळी अकरा, जुनी बालवाडी, असं सगळं नीट आलं. शेवटी ग्रोझ्दान्काच्या बोटांनी सवयीनं 'आप्तस्नेह्यांनी उपस्थित राहावे' असंही टाकलं, आणि ते कुणालाच खटकलं नाही. कागद तिनंच लावले. कुठे लावले की लोक बघतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

शनिवारी नायदेननं बालवाडीच्या खुर्च्या ओळीत मांडल्या, चहा केला आणि इतिवृत्ताचा कागद पुढे घेऊन बसला. अकरा वाजले. कुणी आलं नाही. तो कायद्यानं सांगितलेला तास थांबायला लागला. थांबण्यात त्याचा हात धरणारा शहरात कुणी नव्हता.

थोड्या वेळानं दारात मेतोदी दिसला, त्याच्याच गल्लीतला, निवृत्त पोस्टमन. अंगात काळा कोट, हातात कार्नेशनची फुलं. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

"नायदेन, तू इथे काय करतोयस?"

"सभा आहे."

"कसली सभा? अरे, तू गेलास ना!"

"कुठे?"

मेतोदीनं फुलं वर केली. चार होती. सम फुलं मेलेल्याला, विषम जिवंताला. "तिकडे."

नायदेननं एक खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"मेतोदी, आपण एका गल्लीत राहतो. तू मला शेवटचं कधी पाहिलंस?"

मेतोदीनं प्रामाणिकपणे विचार केला. "ईस्टरला. चर्चच्या दारात मेणबत्ती घेऊन... नाही, तो तुझा चुलतभाऊ होता."

"मला चुलतभाऊ नाही."

"मग तो कोण होता?" मेतोदी म्हणाला, आणि छोट्या खुर्चीवर बसला. गुडघे कानाशी आले.

पाठोपाठ माणसं येत गेली. सगळी काळ्यात, सगळ्यांच्या हातात जोडीनं फुलं. फोटो आणि नाव सगळ्यांनी वाचलं होतं, बारीक अक्षर कुणीच नाही. आणि गेल्या काही महिन्यांत नायदेनला पाहिल्याचं कुणालाच आठवत नसल्यामुळे बातमीत अडचण काही नव्हती. आलेली माणसं दारात थबकायची, कुणी क्रूस करायचं, मग आता घरी तरी कसं जायचं म्हणून बसायची. पावाच्या दुकानातली बाई मेलेल्याच्या नावानं वाटतात तो साखरेतला गहू पातेलंभर घेऊन आली होती. ती मात्र चिडली.

"रात्रभर शिजवलाय मी हा! वर अक्रोड लावलेत!"

"मग खाऊ या की," मेतोदी म्हणाला. "'देव त्याला क्षमा करो' म्हणायचं ते त्याच्या तोंडावर म्हणू."

राकियाची बाटली कुणीतरी आणलीच होती. पहिला थेंब मेलेल्याचा म्हणून सवयीनं जमिनीवर सांडला गेला आणि मग सगळ्यांनी ओशाळून पाय मागे घेतले. बोलायला जे ठरवून आले होते ते वाया घालवणं बरं दिसेना. दवाखान्यातला कंपाउंडर उठून म्हणाला, "माझ्याकडे निळ्या टाइल्स. वीस वर्षं झाली, एक हललेली नाही." एक बाई म्हणाली, "आमच्याकडे तो आठवडाभर होता आणि होता असं वाटलंसुद्धा नाही." हे तिनं कौतुकानं म्हटलं होतं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. नायदेन आपल्याच सभेत टेबलामागे बसून ऐकत होता. आपण सारं गाव आतून पाहिलंय, आणि गावानं आपल्याला पाठमोरं, असं त्याच्या मनात आलं.

बारा वाजता तो उभा राहिला. "कायद्यानं आता सभा सुरू होते. मंडळाला दोन माणसं हवीत. आणि वर्गाला पोरं हवीत, कुणाची असली तर पाठवा."

कंपाउंडरला रक्तदाब होता. पावाची बाई पहाटे तीनला उठते. एकजण पुढच्या महिन्यात लेकीकडे सारागोसाला चालला होता. पोरं? पोरं कुणाकडे होती? फोनमध्ये होती, ती सगळ्यांनी काढून दाखवली. "माणूस म्हणजे सोनं आहेस तू, नायदेन," जो तो जाताना म्हणाला आणि त्याचे खांदे दाबून गेला. मेलेल्या माणसाला एक सकाळ पुरते. जिवंत माणसाला सोमवार लागतो, आणि मग मंगळवार.

एवढ्यात ग्रोझ्दान्का तणतणत आली. "माझ्या नावानं बोंब मारतात सगळे! मजकूर नीट लिहिलाय की नाही? वाच, वाच तूच! वाचत नाहीत त्याला मी काय करू?"

"चूक तुझी नाही," नायदेन म्हणाला.

"मग तसं लिहून दे."

"इतिवृत्तात लिहितो. पण त्यासाठी तू सभेला हजर हवीस. आणि सभासद."

तिनं रागारागानं सही केली. मंडळातही केली, कारण पेन हातातच होतं. मेतोदीनं केली, कारण फुलं कुठे ठेवावी हे त्याला अजून सुचलं नव्हतं. "मी फक्त मंडळात हं," त्यानं बजावलं. "वर्गाबिर्गाला मी येणार नाही. माझे गुडघे गेलेत." खोली वाचली. मेतोदी जाताना फुलं ओट्यावर ठेवून गेला आणि त्यातलं एक परत उचलून घेऊन गेला, म्हणजे तीन राहिली.

सगळे गेल्यावर सेवदा आली.

"उशीर झाला मिस्त्री. बॅग भरत होते."

"तुला वाटलं नाही मी मेलो?"

"मी खालचं वाचलं." ती छोट्या खुर्चीवर बसली आणि पातेलं पुढे ओढलं. "तुमचाच का हा गहू?"

"माझाच. कसा झालाय?"

"गोड जास्त. एवढेही गोड नव्हता तुम्ही." तिनं आणखी दोन चमचे खाल्ले. मग म्हणाली, "तिकीट उद्याचं आहे. डॉर्टमुंडच्या मालकानं कागद मागितलाय. हिला काम येतं, एवढंच लिहून हवंय. लिहिता, का अजून पोकळ आहे?"

नायदेन उठला आणि तिच्या भिंतीपाशी गेला. बोटाचं पेर वरच्या रांगेपासून लावत खाली आला. निळी लाट, संगमरवर, द्राक्षं. ठक, ठक, ठक, सगळीकडे एकच आवाज. तो उकिडवा बसला आणि खालच्या कोपऱ्यातली टाइल वाजवली. तीही तशीच. त्यानं पुन्हा वाजवली. एक शब्द बोलला असता तर सोमवारी नऊ वाजता दार वाजलं असतं.

"ही जरा..." तो म्हणाला.

"भरीव आहे," सेवदा मागून म्हणाली. "मागच्या तिन्ही वेळाही होती."

नायदेन उठला नाही. पाठमोराच राहिला.

"तुला कळलं होतं?"

"मला काय ऐकू येत नाही होय?"

"मग उखडलीस कशाला?"

"तुम्ही म्हणालात म्हणून." मग चमचा चाटून, "आणि चहा बरा करता तुम्ही."

बाहेर रस्त्यावरून कुणी तरी सायकल ढकलत गेलं. सेवदानं चमचा पातेल्यात ठेवला.

"तिकीट बदलून मिळतं, मिस्त्री. दोन महिने पुढं ढकलता येईल. तुम्ही म्हणालात तर."

ती हे चेष्टेत म्हणत नव्हती. नायदेनला तेही ऐकू येत होतं. त्याच्या कानात काही दोष नव्हता, कधीच नव्हता. त्यानं गुडघ्यांवर हात देऊन स्वतःला उभं केलं, टेबलाशी गेला, इतिवृत्ताच्या गठ्ठ्यातला कोरा कागद घेतला आणि उभ्या-उभ्याच लिहिलं : 'सेवदा हिला भिंत ओळंब्यात घेता येते. कोपरे गुण्यात ठेवते. पाण्याचा ढाळ बरोबर काढते. नायदेन कांबुरोव्ह, मिस्त्री.' संघटनेचा शिक्का मारला.

तिनं वाचलं. "बस्स? कौतुक काही नाही?"

"कौतुकाचे कागद ग्रोझ्दान्काकडे मिळतात."

ती हसली, कागद दुमडून जॅकेटच्या आत ठेवला आणि दाराशी जाऊन वळली. "सोमवारी कोण येणार तुमच्याकडे?"

"येतील की."

"कोण?"

"कार्यक्षेत्र मोठं आहे," नायदेन म्हणाला. "शहर व परिसर."

ती गेल्यावर त्यानं छिन्नी घेतली. पद्धतीप्रमाणे भिंत उखडायला हवी होती. थोडा वेळ ती हातात धरून उभा राहिला आणि मग ती जागेवर ठेवून खोलीला कुलूप लावलं.

रविवारी नेहमीप्रमाणे वासिल्काचा फोन आला.

"ग्रोझ्दान्काच्या भाचीनं तुझा कागद पाठवला मला. काल सकाळी."

"काल?"

"सिन्योराला भरवत होते. ती हल्ली तासभर घेते रे. मग तिची लेक आली, आणि मग वाटलं, खरंच काही असतं तर कुणीतरी फोन केला असता."

"बरोबर आहे."

"फोटो चांगला आलाय पण. शेजारी माझा खांदा दिसतोय."

"हो, दिसतोय."

"जेवलास?"

"गहू उरलाय."

ती हसली असावी, पण मागे सिन्योरानं हाक मारली आणि फोन ठेवला गेला. ग्रोझ्दान्कानं कागद काढून टाकते म्हणून सांगितलं होतं. पण गोर्नी ब्रेस्तमध्ये असे कागद कुणी काढत नाही, पाऊस आणि वारा काढतात. बसथांब्यावर भरघोस केसांचा नायदेन वीस वर्षांपूर्वी गेलेल्या दोघांच्या मधे राहिला, आणि त्या रात्री डॉर्टमुंडची बस त्याच्यासमोरूनच सुटली.

सभेचे इतिवृत्त नगरपालिकेने स्वीकारले आहे. त्यात नोंद आहे की, रीतसर सूचनेनंतर व कायद्याने ठरवून दिलेला एक तास थांबून सर्वसाधारण सभा संपन्न झाली. नागरिकांची उपस्थिती उल्लेखनीय होती. सूचनेच्या मजकुरात कोणतीही चूक नव्हती. त्रिसदस्यीय कार्यकारी मंडळ एकमताने निवडण्यात आले. आणि असुरक्षित परिस्थितीतील युवकांच्या श्रमबाजारातील समावेशनाचे कार्य पुढील पाच वर्षे अखंड चालू राहील.

सोमवारी सकाळी नऊ वाजता नायदेननं दोन जणांपुरता सिमेंटचा मसाला कालवला. तो बादलीतच घट्ट झाला.